इंजिन ठरलं, गिअरबॉक्सचं बघू

सातारा, कराड, सांगली या कृष्णाकाठच्या पट्ट्यात दोन विषयांवर मत द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. एक राजकारण, दुसरं इंजिन. त्यातही राजकारणावर बोलताना माणूस आधी शेजारी कोण बसलंय ते बघून घेतो. इंजिनावर बोलताना शेजारी साक्षात इंजिन बनवणारा बसला असला तरी कुणी आवाज खाली करत नाही.

याला आमचा इलाज नाही. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला आणि माळाची किर्लोस्करवाडी झाली. १९२२ साली साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी सातारा इंडस्ट्रियल वर्क्स काढलं. तिथं नांगर झाले, पुढं डिझेल इंजिनं झाली. हेच कूपर १९३७ साली काही महिन्यांपुरते का होईना, मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले आणि आमचे दोन्ही विषय एकाच माणसात येऊन बसले. पुढं महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' साताऱ्यातच बनू लागली. एवढं सगळं झाल्यावर इथं घरटी एक तरी माणूस असा निघतोच, की ज्यानं कुठलं ना कुठलं इंजिन खोललंय. उरलेल्यांनी ते खोलताना शेजारी उभं राहून सल्ला दिलेला असतो.

अशा मुलखात माझ्या भाच्यानं घरी स्पोर्ट्स कार बनवायची असं जाहीर केलं.

भाचा साताऱ्याच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. गाडीची कल्पना त्याची नाही, इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनची आहे. चॅपमननं १९५७ साली 'लोटस सेव्हन' नावाची गाडी आणली. पाइपची चेसी, दोन सीटा, लांब नाक, आणि जे जे काढून टाकता येईल ते ते काढून टाकलेलं. वजन पाचशे किलोच्या आसपास. ती सुटे भाग म्हणून विकत मिळायची, घरी जोडायची. मग १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या शाळामास्तरांनी तसलीच गाडी अडीचशे पौंडांत घरी कशी बनवावी यावर पुस्तक लिहिलं आणि तिकडच्या गॅरेजा-गॅरेजातून वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या. मास्तरांनी लिहिलंय म्हटल्यावर ताईचा अर्धा विरोध मावळला. गाडीला दारं नसतात हे कळल्यावर तो व्याजासह परत आला.

"मामा, चेसी मी करतो. बॉडीचं नंतर बघू. फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स कुठला घ्यायचा, तेवढं ठरवायचंय," भाचा म्हणाला.

हे 'फक्त' ठरवायला ताईच्या ओसरीवर बैठक बसली. दाजी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे भाच्याचे काका, सांगलीत हळदीच्या व्यापारात. गल्लीतले गॅरेजवाले मिस्त्री. आणि मी कराडचा. एमएच ११ आणि एमएच १० यांच्या भांडणात एमएच ५० ला दोन्हीकडून मारायला सोपं पडतं, म्हणून मला आवर्जून बोलावलेलं.

पहिला बार दाजींनी टाकला. "विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन पडून आहे. डिझेल. बंद पडायचं नाव नाही. तेच टाका."

भाचा शहाणा, वडिलांना नाही म्हणाला नाही. त्यानं कागद घेतला. ते इंजिन मिनिटाला १५०० फेरे मारतं, त्याच्यावर जात नाही. मारुती ८०० च्या बारा इंची चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण एक मीटर साठ सेंटीमीटर. मागच्या ॲक्सलला फेरे चार पटीनं कमी होतात असं धरलं, तर टॉप गिअरात गाडी पळणार तासाला ३६ किलोमीटर. तेही उतार नसताना आणि इंजिनाचा मूड असताना.

दाजींनी आकडा नीट बघितला. "मग बास की. पुढं उसाची ट्रॉलीच असणार हाय."

याला उत्तर नव्हतं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आमच्याकडं कुठल्याही गाडीचा टॉप स्पीड कंपनी ठरवत नाही, पुढचा ट्रॅक्टर ठरवतो. त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर ऊस, आणि ट्रॅक्टरवर एवढा मोठा स्पीकर की मागून हॉर्न मारणं म्हणजे भजनात तंबोरा बिघडवल्यासारखं वाटतं.

काकांचं मत सांगलीच्या रस्त्यासारखं सरळ होतं. स्पोर्ट्स कार म्हणजे पळाली पाहिजे. त्यांच्या ओळखीत मिरजेला एका वाड्याच्या मागं कॉन्टेसा उभी होती. तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मागच्या चाकांना ताकद. कागदावर याहून चांगलं स्थळ नाही. काकांनी नंतर हळूच सांगितलं, की कॉन्टेसाच्या बॉनेटमधून कडुनिंबाचं रोप बाहेर आलंय. "पण इंजिन चालू कंडिशनला आहे," असंही म्हणाले. जुनी गाडी विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य असतंच, पण घेणाऱ्याच्या काकांच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकलं.

मिस्त्रींना बुलेट हवी होती. जुन्या साडेतीनशेचं ३४६ सीसीचं एकच सिलिंडर, अठरा हॉर्सपॉवर. "आवाज बघा सायेब. गाडी दिसायच्या आधी गावात कळलं पाहिजे." स्पोर्ट्स कारची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या इंग्रजी पुस्तकात वाचलेली नाही.

अडीच तास हे चाललं. चहा दोनदा झाला, सांगलीचं भडंग संपलं. सीसी झाले, हॉर्सपॉवर झाली, आणि अर्थातच ॲव्हरेज झालं. फेरारी जरी दारात आणून उभी केली, तरी आमच्याकडं पहिला प्रश्न "देते किती?" हाच असतो. आणि एवढ्या वेळात गिअरबॉक्स हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. भाच्यानं आठवण केली तेव्हा दाजी म्हणाले, "इंजिन ठरू दे, गिअरबॉक्सचं बघू."

इंजिन हा लग्नातला नवरदेव आहे. फोटो त्याचा, मिरवणूक त्याची, अंगावर अक्षता त्याच्या. गिअरबॉक्स हा आचारी. तो मांडवामागं असतो, त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, आणि भात करपला की मग सगळे त्याला शोधत फिरतात.

वास्तविक घरी बनवलेल्या गाड्या इंजिनापायी थोड्या आणि गिअरबॉक्सपायी फार पडून राहतात. गिअरबॉक्स ताकद तयार करत नाही, आहे ती वळवून देतो. सर्वसाधारण गाडीत पहिल्या गिअरला इंजिनाचे साडेतीन फेरे झाले की गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडतो. मिस्त्री ज्या डिफरन्शियलला 'दिपरंचल' म्हणतात तिथं पुन्हा चारास एक. म्हणजे इंजिनाचे चौदा फेरे तेव्हा चाकाचा एक. वेग चौदा पटीनं कमी आणि रेटा, घर्षणात जाईल तो सोडून, चौदा पटीनं जास्त. या हिशेबात घोळ झाला की शंभर हॉर्सपॉवरची गाडीसुद्धा चढाला धापा टाकते, आणि हिशेब जमला की आठशे सीसीची मारुती पाच माणसं आणि बटाट्याचं पोतं घेऊन पसरणीच्या घाटातून पाचगणीला जाते. हे आपण सगळ्यांनी मागच्या सीटवरून पाहिलेलं आहे.

इथंच साताऱ्याचं आणि सांगलीचं बिनसलं. सातारकराच्या घरून कुठंही निघा, घाट लागतो. पुण्याकडं खंबाटकी, कासला जायचं तर यवतेश्वर, महाबळेश्वरला पसरणी किंवा मेढ्याकडून केळघर. दाजींना पहिला आणि दुसरा गिअर रेड्यासारखा पाहिजे. "टॉप नसला तरी चालंल." काकांच्या सांगलीत चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. त्यांना पाचवा गिअर लांब पाहिजे, पहिला नसला तरी चालेल. मी मधल्या गिअरांबद्दल काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर दोघेही म्हणाले, "तुम्ही कराडचे."

मिस्त्रींकडं तोडगा तयार होता. इंजिन काकांच्या पसंतीचं, गिअरबॉक्स दाजींच्या पसंतीच्या जीपचा, आणि मध्ये एक जाड प्लेट. या प्लेटवर पश्चिम महाराष्ट्राचा फार विश्वास आहे. मिस्त्री आम्हाला लेथवाल्याकडं घेऊन गेले. तो वयानं साठीचा, कानात खडूचा तुकडा, समोर चकमध्ये एक रोलर फिरत होता आणि निळसर बुरा वेटोळं होऊन पायाशी पडत होता. त्यानं लेथ बंद न करता सगळं ऐकून घेतलं.

"होतंय की. भोकं जुळवून देतो. एखादा सूत इकडंतिकडं चालतंय."

भाचा पांढरा पडला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आतबाहेर. इंजिनाच्या क्रँकची मधली रेघ आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची रेघ एकाच ओळीत लागते, आणि तिथं चूक मोजायची ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ती चुकली तर गाडी चालू होते, छान पळते, आणि मग काही दिवसांनी बेअरिंग गुरगुरायला लागतं. गुरगुर आली की मिस्त्री गिअर ऑइल बदलतात. ऑइल बदलून झालं की क्लचप्लेट बदलतात. प्लेटीकडं कुणी बघत नाही, कारण ती आपणच केलेली असते.

लेथवाल्यानं भाच्याचा चेहरा बघून रोलर थांबवला, कपाटातून जुन्या सुती फडक्यात गुंडाळलेला डायल गेज काढला आणि चुंबकावर बसवला. रोलर हातानं फिरवला. काटा जेमतेम दोन घरं हलला. "हे शंभरातलं दोन," तो म्हणाला. "सूत आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. आम्हाला कळतंय काय पाहिजे ते." त्याबरोबर मिस्त्रींचाच चेहरा पडला, कारण आजवर ते स्वतः गिऱ्हाईक होते.

बुलेटचा विषय रिव्हर्सवर अडला. मोटारसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो, कारण मोटारसायकल माणूस पायानं मागं ढकलतो. इंग्लंडमध्ये सेव्हनसारख्या गाड्यांना जपानी मोटारसायकलींची इंजिनं लावणारे पुष्कळ आहेत. त्यांनी रिव्हर्ससाठी वेगळा डबा मध्ये बसवला, कुणी मागं जाण्यापुरती स्टार्टरची मोटर लावली. शिवाय मोटारसायकलचा क्लच दोन माणसं ओढायला केलेला असतो. त्याच्या गळ्यात चारशे किलो बांधले की तो जळण्याचा वास आधी येतो आणि गाडी नंतर हलते. मिस्त्री म्हणाले, "मग रिक्षाचं टाका. रिव्हर्स आहे, दिपरंचल आहे, सगळं एकाच डब्यात." तांत्रिकदृष्ट्या हे त्या दिवसातलं सगळ्यात समंजस वाक्य होतं. इंजिनिअरिंगची पोरं स्वतः गाडी बनवून पळवायच्या 'बाहा' स्पर्धेत कित्येक वर्षं हेच करत आली. तिथं इंजिन सगळ्यांना सारखंच असायचं, ३०५ सीसीचं दहा हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन. त्यामुळं इंजिनावर वाद घालायची सोयच नव्हती. मग ती पोरं मुकाट्यानं गिअरबॉक्सकडं वळायची आणि महिंद्रा अल्फा या तीनचाकीचा गिअरबॉक्स काढून आणायची. इंजिन निवडायची बंदी केली की माणूस किती लवकर शहाणा होतो बघा. पण स्पोर्ट्स कारमध्ये रिक्षाचं इंजिन म्हटल्यावर भाच्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि काकांनी "मीटरपण बसव" म्हणून ते पूर्ण केलं.

मारुती ८०० चं इंजिन घ्यावं, असं मी सुचवलं. सीसी ७९६, हॉर्सपॉवर ३७. चॅपमनच्या पहिल्या सेव्हनला फोर्डचं ११७२ सीसीचं इंजिन होतं, त्याची ताकद जेमतेम ४०. म्हणजे जगप्रसिद्ध स्पोर्ट्स कार आणि आपली शिकाऊ लायसन्सवाली गाडी यांच्यात फरक फक्त तीन घोड्यांचा. हे ऐकून सगळे गप्प झाले. एवढ्या स्वस्तात काम होणार असेल तर त्यात काहीतरी गोम असणार, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गोम होतीच. ८०० चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. सेव्हनला ते उभं हवं आणि मागची चाकं ढकलणारं. आडवं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून सीटच्या मागं बसवता येतं, पण नुसतं मागं सरकवायचं, फिरवायचं नाही. तोंड उलटं करून बसवलं की चाकं उलटी फिरतात. मागचा ॲक्सल खालीवर उलटा बसवला तरी तेच होतं. मग चार गिअर मागं जायला आणि एक पुढं यायला.

दाजी म्हणाले, "आमच्या डेपोत असली एक गाडी होती." ती खरंच तशी होती की ड्रायव्हर तसा होता, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

या सगळ्या गोंधळात मला देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांची फार आठवण आली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांच्या गाडीचा व्हिडिओ ट्विटरवर टाकला आणि सांगली जिल्ह्यातलं हे गाव देशभर गेलं. मुलाची हौस म्हणून या लोहारकाम करणाऱ्या माणसानं भंगारातून जीपसारखी छोटी चारचाकी उभी केली. खर्च साधारण साठ हजार. दुचाकीचं इंजिन, रिक्षाची चाकं, आणि चालू करायला किक. चारचाकीला किक! डेट्रॉइटपासून टोकियोपर्यंत कुणाला सुचलं नाही ते कडेगाव तालुक्यात झालं. महिंद्रांनी लिहिलं की ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, अधिकारी आज ना उद्या अडवतील, म्हणून मी हिच्या बदल्यात बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये दिलीसुद्धा. एक्स्चेंज ऑफरच्या इतिहासात एवढा चांगला भाव कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही.

मला त्यातलं कौतुक वेगळं वाटतं. त्या माणसानं बैठक बोलावली नसणार. दुचाकीच्या इंजिनात क्लच आणि गिअर एकाच डब्यात येतात. ते हाताशी होतं, ते घेतलं, आणि गाडी त्याच्या मापाची केली. आमच्यासारखं आधी स्वप्न काढून मग त्यात मावणारं इंजिन शोधत बसले नाहीत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनीही १९४९ साली 'मीरा' नावाची छोटी गाडी अशीच हिमतीवर उभी केली होती आणि पुढं कित्येक वर्षं ते ती सुधारत राहिले.

देवराष्ट्रेचं नाव निघाल्यावर दाजी आणि काका यांच्यात ती गाडी कुणाच्या जिल्ह्याची यावर जुंपली. यशवंतराव चव्हाण १९१३ साली त्याच गावात जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. दाजींच्या मते माणूस सातारचा, गाडी सांगलीची. काकांच्या मते दोन्ही सांगलीचे, आणि सातारा उत्तर सांगली.

पासिंगचा विषय मीच काढला, कारण तो कुणीतरी काढायलाच हवा होता. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या करून मंजुरी घ्यावी लागते. जुन्या गाडीच्या आरसीवर पासिंग करू म्हणावं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीनं जशी केली तिच्यात आरसीशी न जुळणारा बदल चालत नाही. भाचा म्हणाला, आपल्या रानात चालवीन. रानात बारा महिने ऊस उभा आहे. मधल्या बांधावरून बैलगाडी जाते, पण जमिनीपासून चार इंचांवर पोट असलेली स्पोर्ट्स कार गेली तर तिला टोचन लावायला ट्रॅक्टर लागणार, आणि तो ट्रॉल्या घेऊन कारखान्यावर नंबर लावून उभा.

शेवटी निर्णय झाला तो रॉन चॅम्पियन मास्तरांच्या नियमानं: इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचा ॲक्सल, सगळं एकाच जुन्या गाडीतून घ्यायचं. एकमेकांची सवय असलेले भाग. मधे प्लेट नको, सूत नको. मास्तरांनी फोर्ड एस्कॉर्ट घेतली होती. आपल्याकडं ओम्नी. तेच ७९६ सीसी, पण उभं बसलेलं, मागची चाकं ढकलणारं, चार गिअर आणि रिव्हर्स. दाजींना घाट चढणारा पहिला गिअर मिळाला, काकांना भाव पाडायला गाडी मिळाली, मिस्त्रींना सायलेन्सर कापायची परवानगी मिळाली.

शाळेची मुलं ने-आण करणाऱ्या एका ड्रायव्हरची ओम्नी ठरली. काकांनी तासभर घासाघीस केली. ड्रायव्हर पैसे मोजता मोजता म्हणाला, "गाडी चालू हाय की वो. कशाला मोडताय?" भाचा हसला. ओम्नी दारात आली. इंजिन उतरवायला मिस्त्रींनी चेन ब्लॉकसुद्धा आणला.

ताईनं ओम्नीभोवती एक चक्कर मारली. सरकतं दार उघडून बघितलं, दोनदा मिटून बघितलं. दारं असलेल्या गाडीकडं ती ज्या नजरेनं बघत होती ती मला ओळखीची होती.

"किती माणसं बसत्यात हिच्यात?"

"आठ," ड्रायव्हर म्हणाला. "लेकरं असली तर मोजत नाही."

त्या आठवड्यात ओम्नी सज्जनगडला जाऊन आली, मग वाईला, मग नणंदेला सोडायला विट्याला. दाजींनी चढाला पहिला गिअर टाकून बघितला आणि समाधानानं मान हलवली. चेन ब्लॉक आंब्याला लटकून आहे. भाच्यानं चेसीचे पाइप कापून ठेवलेत आणि रोज संध्याकाळी विचारतो. ताईचं उत्तर ठरलेलं असतं.

"तुळशीचं लग्न होऊ दे, मग काढ इंजिन. यंदा पाहुणे जास्त आहेत."